सासूची घंटी

सातव्या दिवशी सकाळी फोडलेली लाकडं संपत आली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

तोवर मी नुसती चिडले होते. जावई रेल्वेच्या गावी सही करायला गेला होता. थंडीत रुळांवरचं काम बंद असतं. मग दर पंधरा दिवसांनी तिथल्या कचेरीत जाऊन, अजून बेकार आहे म्हणून सही केली तर बेकारीचे पैसे मिळतात. सहीला कितीसा वेळ लागतो? जायला एक दिवस, यायला एक दिवस. मधले पाच दिवस कशाचे, ते मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या दिने लोकांच्या, म्हणजे अमेरिकेत बाहेरचे ज्यांना नावाहो म्हणतात त्या आमच्या, हद्दीत दारू विकायला बंदी आहे. हद्द ओलांडली की पहिलं दुकान दारूचंच.

बाहेर माझी मुलगी ग्लेनिबा लाकडं फोडत होती. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला होता. प्रत्येक घावाला पातं हलायचं आणि ती थांबून दांडा दगडावर आपटायची. जावई असता तर त्यानं आदल्या दिवशीच तो पाण्यात भिजवून ठेवला असता. तिच्या हाताला फोड आले होते, त्यावर तिनं चिंधी बांधली होती.

"दे इकडं," मी म्हणाले.

"तू नको. कंबर धरलीय तुझी."

"कंबर माझी आहे. तुला काय करायचंय?"

"धरली की चोळायची मला असते ना, म्हणून."

तिनं दोन घाव घातले. लाकूड काही फुटलं नाही. उत्तरेकडं डोंगरावर आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं आणि वारा पडला होता. असा वारा पडला की बर्फ येतं. मेंढरं कुंपणाला अंग घासत एकमेकांत शिरत होती.

"आज येईल तो," ती म्हणाली.

"काल पण हेच म्हणालीस."

"मग काय म्हणू? येणार नाही म्हणू?"

मी ढलप्या गोळा करायला लागले. तीच म्हणाली, "बाबांनी पण हेच केलं ना गं? वीस वर्षं?"

"बावीस."

"आणि सोडली."

"सोडली. तू होतीस की. मेंढरं कातरत होते, मध्येच कात्री खाली ठेवली, म्हणाले, पुरे आता. मला वाटलं कातरणं पुरे. तर दारू पुरे. नंतर थेंब घेतला नाही."

"कितवं वर्ष होतं त्यांचं?"

"एक्कावन्नावं."

"हॉस्की छत्तीस वर्षांचा आहे, आई." तिनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "अजून पंधरा वर्षं मी लाकडं फोडत बसू?"

मी काय सांगणार? आमच्याकडं असंच चालत आलंय. तरणे असताना भावाभावांत बाटली फिरते, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या. भावानं पुढं केलेला हात मागं कसा सारायचा? नाही म्हटलं तर, आम्ही तुझे कुणी नाही का रे, असं विचारतात. मग पितात, शुद्ध जाईस्तोवर पितात, महिना-महिना पीत नाहीत, पुन्हा पितात. केस पिकायला लागले की त्यांतले बरेच जण आपले आपण सोडतात. ना डॉक्टर, ना मंत्र. माझ्या सासऱ्यांनी सोडली, नवऱ्यानं सोडली, पलीकडच्या टेकडीवरच्या दोघांनी सोडली. पण तोवर जगावं तर लागतं ना! माझा मधला भाऊ नाही जगला. चौतिसाव्या वर्षी, घरापासून दोन मैलांवर, बर्फात. बर्फ वितळल्यावर सापडला. त्याचं नाव मी घेत नाही, गेलेल्याचं घेऊ नये. पण दर हिवाळ्यात आभाळ असं राखेचं झालं की मी आधी घरातली माणसं मोजते.

"मी मेंढरं ओढ्याकडं नेऊन आणते," मी म्हणाले. "बर्फ पडलं की दोन दिवस बाहेर काढता यायची नाहीत."

"लवकर ये."

मी शाल घेतली आणि पट्टा बांधला. पट्ट्याला घंटी होती, बोराएवढी, पितळेची. आमच्यात सासूनं जावयाचं तोंड पाहायचं नाही आणि जावयानं सासूचं. पाहिलं तर दोघांचेही डोळे जातात. आणि आमच्यात लग्न झालं की नवरा बायकोच्या आईच्या वाडीवर राहायला येतो. म्हणजे बघा! माझं होगन, म्हणजे ओंडक्यांचं गोल घर, आणि त्यांचं होगन, मध्ये तीस पावलं, दोन्ही दारं पूर्वेला, आणि चौदा वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलं नाही. मी निघाले की घंटी वाजायची, तो आडोशाला जायचा. तो निघाला की खोकायचा, मी तोंड फिरवायची. त्याच्यासाठी रस्सा मी करायची, न्यायची ग्लेनिबा. त्यानं फोडलेली लाकडं माझ्या दारात रचलेली असायची, एका मापाची, सालीची बाजू खाली. त्याची पाठ मी ओळखायची, त्याची काळी टोपी ओळखायची. चेहरा कसा आहे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ग्लेनिबा हसायची मला. "आता कोण घालतं गं घंट्या? डेनेटची सासू त्याच्या पिकअपमध्ये पुढं बसून बाजारला जाते."

"म्हणून तर तिला नीट दिसत नाही," मी म्हणायची.

ओढा आमच्या वाडीपासून अर्ध्या मैलावर. पाणी नाही त्यात, पावसाळ्यातच येतं. ओढ्याला लागून मोठा रस्ता, आणि रस्त्यावरून वाडीकडं वळणारी वाट. त्या वळणावर जुनिपरचं एक जुनं झाड आहे. मी मेंढरं घेऊन उताराला लागले तेव्हा कुत्रा पुढं पळाला आणि त्या झाडाकडं जाऊन शेपूट हलवायला लागला.

झाडाखाली माणूस बसला होता. पाठ माझ्याकडं. तपकिरी कोट, काळी टोपी.

मी चटकन तोंड फिरवलं. सवयच ती, चौदा वर्षांची. शाल डोक्यावरून पुढं ओढली, इतकी की मला फक्त माझे बूट दिसत होते. आणि जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! आला. पायांनी आला. त्याच्या भाऊबंदांनी गाडीतून वळणावर उतरवलं असेल आणि पुढं निघून गेले असतील, नेहमीसारखं. आणि हा बसलाय तिथं. पुरुष असंच करतात. प्यायलेल्या तोंडानं बायकोसमोर जायची लाज वाटते, मग वाडीच्या बाहेर कुठंतरी बसून राहतात, उतरली की येतात. माझा नवरा त्याच झाडाखाली बसायचा.

भीती गेली तसा राग आला. सात दिवस! पोरीच्या हाताची सालं निघाली आणि हा बसलाय झाडाखाली! मी पट्टा हलवला, घंटी जोरात वाजवली. उठ म्हटलं मनात, हो बाजूला, सासू येतीय.

शालीच्या कडेतून मला टोपी हललेली दिसली. खाली गेली, मग दिसेनाशी झाली. म्हटलं, उठला, झाला बाजूला. एवढी तरी शुद्ध आहे. मी मेंढरं वरच्या अंगानं वळवली, लांबून, काट्याकुट्यांतून. कुत्रा येईना. त्याला तीन हाका मारल्या, एक दगड मारला, तेव्हा आला.

मी घरी आले तेव्हा दुपार व्हायची होती.

"आलाय तुझा नवरा," मी म्हणाले. "वळणावर बसलाय. येईल उतरली की."

ग्लेनिबानं कुऱ्हाड ठेवली. आत गेली. थोड्या वेळानं कॉफीचा वास आला, मग मटणाचा. आमच्यात भाकरी तेलात तळतात, ती तळताना पोर गुणगुणत होती, हे मला तीस पावलांवरून ऐकू आलं. मीही बरी होते. मागापाशी बसले, चार ओळी विणल्या.

बर्फ पडायला लागलं ते आवाज न करता. दारावरचं ब्लँकेट बाजूला करून पाहिलं तर कुंपण पांढरं झालं होतं. मी आणखी दोन ओळी विणल्या. मग एक उसवली, रंग चुकला होता.

ग्लेनिबा दारात येऊन उभी राहिली. "अजून आला नाही गं."

"येईल."

"बर्फ पडतंय, आई. बर्फात कोण बसतं?"

"जाऊन बघ मग. मी तर जाऊ शकत नाही."

ती पळतच गेली. मी दारात उभी राहिले. पाठीत गारवा शिरत होता तरी आत गेले नाही. ती परत आली तेव्हा तिच्या हातात काळी टोपी होती.

"तिथं कुणी नाही," ती धापा टाकत म्हणाली. "झाडाखाली टोपी होती फक्त. हाका मारल्या. कुणी नाही."

"पावलं?"

"बर्फानं भरलीत. आई, तो तोच होता ना? तू नीट पाहिलंस ना?"

"नीट कसं पाहणार मी?" मी ओरडले तिच्यावर. "नीट पाहायचंच नसतं ना मला! पाठ होती, टोपी होती."

"बसला होता की पडला होता?"

 टोपी खाली गेलेली मी पाहिली होती. माणूस उठतो तेव्हा टोपी खाली जाते का हो? वर जाते. उठताना टोपी वर जाते. मी हे तिला सांगितलं नाही. 

"डेनेटकडं जा," मी म्हणाले. "पिकअप घेऊन ये म्हणावं. पळ."

डेनेट आमच्याच कुळातला, टेकडीच्या पलीकडं राहतो. मला मावशी म्हणतो. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायची खोड. गाडी घेऊन आला तो काच अर्धी खाली करून, इंजिन बंद न करता.

"मावशी, रस्त्यानं येताना मी पाहतच आलो. कुणी नाही. परत गेला असेल तो. कुणीतरी गाडीत घेतलं असेल."

"टोपी टाकून?"

"प्यायलेला माणूस टोपीचं काय ध्यानात ठेवतो? मी एकदा बूट विसरलो होतो."

"डेनेट, पुन्हा बघ. वळणापासून पुलापर्यंत."

तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि सापडला, पण तसा सापडला तर?"

"तसा म्हणजे?"

"तुम्हाला कळतंय मावशी. मेलेल्याला हात लावायचा नाही, गाडीत तर घालायचाच नाही. गाडी टाकून द्यावी लागेल मला. अजून नवी आहे."

"नवी?" ग्लेनिबा म्हणाली. "दार दोरीनं बांधलंयस तू!"

"इंजिन नवं आहे."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. ग्लेनिबा दोरी सोडून आत जाऊन बसलीसुद्धा. गाडी रस्त्याकडं गेली आणि बर्फात दिसेनाशी झाली. मी एकटी उरले. कुत्रा माझ्या पायाशी कुईकुई करत होता, ओढ्याकडं तोंड करून. सकाळी याला मी दगड मारला होता. तो सांगत होता आणि मी त्याला दगड मारला होता.

मी ब्लँकेट घेतलं आणि त्याच्या मागं निघाले.

बर्फ घोट्याच्या वर आलं होतं. कंबर ठणकत होती. दर दहा पावलांना मी थांबायची, श्वास घ्यायची, कुत्रा मागं वळून पाहायचा. मला भाऊ आठवत होता. तो सापडला तेव्हा त्याचे बूट आधी दिसले होते, असं सांगतात. मी पाहायला गेले नव्हते. आता मला प्रत्येक दगड बुटासारखा दिसत होता. मी एवढी घाबरले होते की तोंडानं काहीबाही बडबडत होते, देवाचं नाव घेत होते, मध्येच जावयाला शिव्या घालत होते.

कुत्रा झाडापाशी थांबला नाही. झाडापासून ओढ्यात उतरला. मी बसून, घसरत, हातांनी धरत खाली गेले. काठाची माती पाण्यानं आतून कोरलेली असते, वर छप्पर आणि खाली पोकळी, तसं होतं तिथं. झाडापासून वीस-पंचवीस पावलं. रस्त्यावरून तिथलं काही दिसत नाही. कुत्रा त्या पोकळीत शिरला.

बूटच दिसले आधी.

मी उभी राहिले. खरं सांगते, उभीच राहिले. जिवंत असेल तर तो माझा जावई, त्याच्याकडं पाहायचं नाही. मेला असेल तर मेलेला, त्याच्याकडं पाहायचं नाही, हात लावायचा नाही. दोन्हीकडून मला मनाई होती.  माझे डोळे गेले तर माग कोण विणणार, मेंढरं कोण राखणार, असलं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

मग तो कण्हला. अगदी बारीक.

मी गुडघ्यांवर बसले, त्याला खांद्याला धरून वळवलं आणि पाहिलं. चौदा वर्षांनी माझ्या जावयाचा चेहरा पाहिला. पोरगेला चेहरा होता. हनुवटीवर एक जुना व्रण होता, तो मला माहीतच नव्हता. ओठ निळे, पापण्यांवर बर्फ, डोळे घट्ट मिटलेले. काठावरून घसरून आला असावा, कोटाची बाही कोपराला फाटली होती आणि कोपर सोललेलं होतं. गुडघेही. बाटलीबिटली काही नव्हती.

मी ब्लँकेट अंथरलं, त्याला त्यावर ओढलं, शाल सोडली, त्याला छातीशी धरलं आणि दोघांवरून शाल गुंडाळली. गार. माणूस इतका गार असू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्याचे हात मी माझ्या काखेत घातले. तो थरथरतही नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ग्लेनिबा!" मी ओरडले. आवाज काठाच्या वर जाईना. "डेनेट! अरे मेल्यांनो!"

गाडीचा आवाज रस्त्यावरून येत होता, जवळ आला, पुढं निघून गेला. माझा आवाज बर्फात बुडत होता. मग मी पट्टा सोडला, एका हातानं वर धरला आणि घंटी वाजवायला लागले. वाजवत राहिले. दंड भरून आला, हात बदलला, पुन्हा वाजवली. चौदा वर्षं मी ती वाजवली ती त्यानं दूर व्हावं म्हणून. आता मी देवाला म्हणत होते, कुणीतरी जवळ या.

गाडी परत आली. इंजिन बंद झालं. ग्लेनिबाचा आवाज आला, "आईची घंटी आहे! खाली! खाली ओढ्यात!"

ती उडी मारूनच आली. नवऱ्याला माझ्या छातीशी पाहून क्षणभर तशीच थांबली. मग त्याच्या गालांना हात लावायला लागली.

डेनेट काठावर उभा. "जिवंत आहे का?"

"ये खाली."

"आधी सांगा मावशी, आहे का?"

"आहे! आणि तू असाच उभा राहिलास तर राहणार नाही. मग आयुष्यभर त्याच्या भुताला काय तोंड दाखवशील ते बघ!"

भुताचं नाव काढल्यावर आला. तिघांनी मिळून त्याला काठावर चढवलं. ग्लेनिबा पाय धरून, डेनेट काखेत हात घालून, मी मागून रेटत. माझी कंबर त्या दिवशी जी गेली ती गेलीच. मी त्याला घेऊन गाडीत मागं बसले, ग्लेनिबा दुसऱ्या बाजूनं. बर्फ तोंडावर येत होतं. मी त्याचं डोकं शालीत घेतलं.

"हॉस्की," ग्लेनिबा म्हणत होती. "हॉस्की, डोळे उघड. ऐकतोयस ना? डोळे उघड!"

तो डोळे उघडेना. ती रडायला लागली. "आई, डोळे का उघडत नाही हा? गेला का गं?"

तेव्हा त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. दारूचा वास होता, शिळा. शब्द तुटक येत होते, जीभ जड झाली होती, पण मला कळले. मुलगी ओरडत होती तरी तो माझ्याशी बोलत होता.

"घंटी ऐकली," तो म्हणाला. "उठायला गेलो. उठता येईना. मग सरपटत गेलो. तुमच्या वाटेत नको म्हणून."

मी शाल त्याच्या डोक्यावर आणखी पुढं ओढली.

"डोळे मिटलेत मी," तो म्हणाला. "पाहिलं नाही. घाबरू नका. तुम्हाला काही होणार नाही."

वळणावर बसून राहिला असता तर पहिल्या गाडीनं उचलला असता. ग्लेनिबाला झाडाखालीच सापडला असता. माझ्या घंटीनं उठवला त्याला आणि मानानं, सासूच्या मानानं, तो कोपरं सोलत त्या खड्ड्यात गेला. मी रडले. गाडीत, मोठ्यानं, लहान पोरीसारखी रडले. "उघड रे डोळे," मी म्हणाले, "उघड, मेल्या, मी पाहिलंय तुला, आता तूही पाहा." चौदा वर्षांत त्याला मारलेली माझी पहिली हाक मेल्या होती. त्यानं डोळे उघडले नाहीत.

वाडीवर आलो तर डेनेटचं पुन्हा सुरू. त्यानं मला बाजूला घेतलं. "मावशी, आत नेऊ नका. आत गेला, म्हणजे काही झालं, तर होगन सोडावं लागेल. काकांनी हातानं बांधलेलं आहे. आपण बाहेर फांद्यांचा आडोसा करू, शेकोटी करू, लोक करतात तसं."

करतात, खरं आहे. कुणी जाणार असं दिसलं की बाहेर काढतात. माझ्या नवऱ्याला मीच बाहेर काढलं होतं, शेवटच्या दिवशी, त्याच्याच सांगण्यावरून. घर तुझ्यासाठी ठेव, म्हणाला होता.

ग्लेनिबाच्या होगनमधला विस्तव कधीच विझला होता. माझ्याकडं चुलीत निखारे होते. ती माझ्याकडं बघत होती. विचारायची हिंमत होत नव्हती तिला. मला भीती वाटत होती, हे खोटं नाही. होगनच्या ओंडक्यांकडं मी पाहिलं, प्रत्येक ओंडका डोंगरावरून कसा आणला ते मला आठवत होतं. तो आत मेला असता तर त्याच दिवशी मी बाहेर पडले असते, आणि त्या भिंती पुन्हा माझ्या नसत्या.

"आत घ्या," मी म्हणाले. "माझ्याकडं."

"मावशी..."

"डेनेट, तू लाकडं फोड. कुऱ्हाडीचा दांडा ढिला आहे, आपटून घे. आणि तोंड बंद ठेव."

त्यानं फोडली. काळोख पडेस्तोवर फोडत होता बिचारा. आम्ही दोघींनी जावयाचे ओले कपडे काढले, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं, दोन्ही बाजूंनी आम्ही टेकलो, कोमट कॉफी चमच्यानं पाजली. थोड्या वेळानं तो थरथरायला लागला. दात इतके वाजायला लागले की चमचा धरता येईना. थरथरतोय म्हणजे जगतोय, ग्लेनिबा म्हणाली. तशा त्या थरथरीतही त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. माझ्या घरात, माझ्या कातड्यावर पडून, मला पाठ देऊन झोपला. ती पाठ मी ओळखायची.

डाव्या पायाची तीन बोटं दवाखान्यात काढली. बाकी वाचला. माझे डोळे आहेत तसेच आहेत. मागाचा धागा अजून चष्म्याशिवाय ओवते.

मी घंटी माझ्या पट्ट्याची काढली आणि त्याच्या कोटाला आतून शिवली, काखेखाली, चार पदरी दोऱ्यानं. ग्लेनिबाकरवी निरोप धाडला, काढायची नाही. त्यानं काढली नाही. रेल्वेच्या गावात त्याचे भाऊबंद म्हणे त्याला हसतात, शेळी आली रे शेळी आली म्हणतात. म्हणू देत.

दारू सुटली असं मी सांगणार नाही. त्या वर्षी वसंतापर्यंत प्यायला नाही, मग प्यायला. पुढच्या वर्षी आठ महिने नाही, मग पुन्हा. तो अजून माझ्यासमोर तोंड फिरवतो, लंगडत आडोशाला जातो. मी नाही फिरवत आता. लोक नावं ठेवतात, ठेवोत. तो चाळीस वर्षांचा झालाय. म्हणजे अजून दहा-अकरा हिवाळे.

चार दिवसांपूर्वी तो सही करायला गेलाय. आज सकाळपासून वारा पडलाय, आभाळ राखेचं आहे. मी मागापाशी बसलेय, हातात धागा, आणि दारावरचं ब्लँकेट वर बांधून ठेवलंय.

"दार लाव गं आई," ग्लेनिबा म्हणते. "सगळी ऊब बाहेर जातीय. लाकडं मी फोडते, तू नाही."

"जाऊ दे ऊब," मी म्हणते. "दार लावलं की ऐकू येत नाही."